रिकामी जागा न ठेवणारं शहर

शुक्रवार

मुंबईहून नैरोबीला थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचवतं. २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. तो कागद छापून जवळ ठेवावा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, नाहीतर परतताना आपलीच माणसं विमानतळावर अडवतात. आणि सामानात प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, केनियात २०१७ पासून त्यांवर कडक बंदी आहे. प्रवासवर्णनाचं माहिती द्यायचं कर्तव्य इथे संपलं.

माझी मावसबहीण आणि तिचे यजमान बरीच वर्षं इथे पार्कलँड्समध्ये राहतात. भावोजी रंगांच्या कंपनीत आहेत, ही गोष्ट पुढे फार कामाला आली. ते विमानतळावर घ्यायला आले होते. शहरात जायला दोन वाटा: डोक्यावरून २७ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे, चिनी कंपनीने बांधलेला, २०२२ साली सुरू झालेला, आणि खालून जुना मोंबासा रोड. "लवकर पोहोचायचंय की बघत जायचंय?" भावोजींनी विचारलं. बघत जायचं होतं, म्हणून खालून निघालो आणि लगेच अडकलो.

अडकलो ते बरं झालं. रस्त्याकडेच्या बाभळींवर मराबू करकोचे बसले होते. टक्कल पडलेले, गळ्याखाली पिशवी लोंबणारे, सरकारी कचेरीत फाइल घेऊन ताटकळणाऱ्यांच्या चेहऱ्याने. आणि त्यांच्या खालून एक बस सरकत होती, जिच्या पाठीवर एका फुटबॉलपटूचा चेहरा होता, भुवईपासून हनुवटीपर्यंत पुरुषभर उंच. चेहऱ्याभोवती ज्वाळा, ज्वाळांभोवती अक्षरं, अक्षरांभोवती दिवे. कुठे बोट टेकवायला मोकळी जागा नाही.

मी आले होते ते हेच बघायला. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त पॅरिसला गेले असताना इव्हान्स म्बुगुआ या चित्रकाराचं काम पाहिलं होतं. जन्म १९७९चा, नैरोबीचा. विशीत फ्रान्सला गेला, पो शहरात दृश्यकला शिकला, ग्राफिक डिझायनर झाला आणि पॅरिसमध्ये राहिला. त्याची चित्रं पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर असतात. पुढे तैलरंगाच्या ठिपक्या-ठिपक्यांनी उभी राहिलेली माणसं, मित्र, नातलग, भेटलेले लोक. मागे छोट्या छोट्या चिन्हांची दाट वीण, रस्त्यावरच्या पाट्यांवर असतात त्या कुळातली. लांबून बघितलं की माणूस दिसतो. जवळ गेलं की माणूस ठिपक्यांत विरतो आणि चिन्हं पुढे येतात. रंग असे, की दालनातली बाकीची चित्रं आजारी वाटावीत.

त्याच्याबद्दल लिहिताना "ग्राफिक डिझायनर होता, पुढे पॉप आर्टिस्ट झाला" असं लिहितात. जणू वाईट संगत सोडून माणूस वारीला लागला. मी स्वतः पुण्यात वीसेक वर्षं डिझायनर म्हणून पोट भरते आहे, त्यामुळे हे वाक्य मला जरा टोचतं. त्या चित्रांत मला तरी काही सोडलेलं दिसलं नव्हतं. ठिपका हा छपाईचा, चिन्हांची वीण ही ग्रिडची. मग उरलेलं, ते रंग आणि ती गर्दी, कुठून आलं असेल? ते इथून आलं असणार, असं मनाशी धरून मी तिकीट काढलं होतं.

घरी पोहोचेपर्यंत ताईचा वरणभात गार झाला होता.

शनिवार

सकाळी केआयसीसी या परिषद-केंद्राच्या गच्चीवर गेलो. १९७३ साली पुरी झालेली ही २८ मजली गोल इमारत, हेलिपॅडवरून सगळं शहर दिसतं. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,८०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असून स्वेटर लागतो तो त्यामुळे. ऑक्टोबर असल्याने जॅकरांडा फुललेले, उपनगरांवर जांभळे ठिपके. गच्चीवरून मटाटूंचे थांबे बघायला मिळतात, आणि ते या शहराचे खरे चौक आहेत. इथे खाजगी मिनीबसला मटाटू म्हणतात. सरकारी बससेवा जवळजवळ नाहीच, सगळं शहर यांच्यावर चालतं.

खाली उतरून टॉम म्बोया स्ट्रीटवरून रिव्हर रोडकडे पायी गेलो. हा भाग भावोजींना फारसा आवडत नाही, "फोन आत ठेव" एवढंच ते दर दहा पावलांनी म्हणत होते. मी पाट्या बघत होते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं होतं की मोकळी जागा हाच रचनेचा श्वास. रिव्हर रोडला हे कुणी सांगितलेलं नाही. न्हाव्याच्या दुकानावर, म्हणजे इथल्या किन्योझीवर, भिंतभर डोकी रंगवलेली: प्रत्येक डोक्याची केशरचना वेगळी. खाटकाच्या दुकानावर हसरी गाय. टपऱ्या आख्ख्या एकाच रंगात बुडवलेल्या, मोबाइल कंपनीच्या हिरव्या नाहीतर लाल. कंपनीला जाहिरात मिळते, टपरीवाल्याला फुकट रंग. एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ साली सुरू झालं तेव्हापासून तो हिरवा रंग इतका पसरला आहे की भाजीवालीची टोपली कुठली आणि पैशांची टपरी कुठली ते नीट बघावं लागतं.

थोडा वेळ उभं राहिलं की या गर्दीतली शिस्त दिसू लागते. अक्षरांना एक सावली नाही, दोन असतात, एक काळी आणि तिच्या बाहेर एक पिवळी. आधी मला हा हौशीपणा वाटला. मग समोरून धूळ उडवत बस गेली आणि कळलं, ही अक्षरं उभ्या माणसासाठी नाहीतच, चालत्या बसच्या खिडकीतून धुळीच्या पडद्याआडून वाचायची आहेत. पिवळी रेघ नसती तर ती भिंतीत बुडाली असती. पेंटरने प्रश्न बरोबर सोडवला होता, मला फक्त प्रश्न माहीत नव्हता.

या पाट्यांमधूनच चित्रकार निघाले आहेत. नैरोबीच्या जोसेफ बर्टियर्सने सुरुवात दुकानांच्या आणि बारच्या पाट्या रंगवून केली. पुढे त्याने जगभरच्या पुढाऱ्यांना एकाच बारमध्ये कोंबून भांडायला लावणारी चित्रं काढली. किन्शासाचा शेरी सांबाही पाट्या रंगवणाऱ्यांकडेच शिकला आणि १९७५ साली स्वतःचं दुकान थाटून बसला; आज त्याची चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. दोघांच्या चित्रांत मजकूर असतो, भरपूर असतो. पाटीवाल्याला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी चहा आणि मंदाझी. मंदाझी म्हणजे तळलेला, किंचित गोड, आतून पोकळ पाव. ताईच्या मते हा "शंकरपाळ्याचा वाया गेलेला भाऊ".

रविवार

आज भटकंती नको असं ताईने फर्मान काढलं होतं, म्हणून घरापासून जवळच्या सिटी पार्कात गेलो. माकडं फार धीट आहेत, केळं दाखवू नये.

पार्कात एक जुनी दफनभूमी आहे आणि तिथे पिओ गामा पिंटो यांची समाधी आहे. नैरोबीत १९२७ साली जन्मलेले गोवेकर. शिक्षणासाठी भारतात आले, गोव्याच्या पोर्तुगीजविरोधी लढ्यात पडले, पकडवॉरंट निघाल्यावर केनियाला परतले आणि तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले. स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, स्वतःच्या घराच्या फाटकापाशी त्यांना गोळ्या घातल्या. गाडीत लहान मुलगी होती. आपल्याकडे हे नाव किती जणांना माहीत आहे? मला इथे येईपर्यंत नव्हतं.

जवळच जोसेफ मुरुंबी यांचं स्मारक. वडील गोवेकर, आई मासाई, शाळा बंगळूरची. १९६६ साली ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांतच पद सोडून बाहेर पडले. १९९० साली गेले. पिंटोंच्या शेजारी जागा मिळावी ही त्यांची इच्छा होती. आजूबाजूला आफ्रिकी शिल्पकारांची दगडी आणि धातूची शिल्पं उभी आहेत.

माझ्या विषयाशी मुरुंबींचा संबंध असा की राजकारण सोडल्यावर ते मन लावून वस्तू गोळा करत राहिले: कापडं, दागिने, मुखवटे, स्टुलं, टपाल तिकिटं. १९७२ साली अ‍ॅलन डोनोव्हन या अमेरिकन मित्राबरोबर त्यांनी 'आफ्रिकन हेरिटेज' हे दालन काढलं. वापरातली वस्तू आणि कलावस्तू यांच्यात भिंत घालायची नाही, हे त्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. त्यांचा संग्रह आता नैरोबी गॅलरीत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या तळमजल्यावर आहे. अभिलेखागारात काचेमागचं सामान बघून बाहेर पडलं की पायरीवरच मटाटूंचा कल्लोळ सुरू होतो. मला तो संग्रहाचाच पुढचा भाग वाटला.

सोमवार

आज शहराच्या कडेच्या रोंगाईला जायचं. रोंगाईत बघण्यासारखं काही नाही. जाणं हेच बघणं. शहरातली सर्वांत नटवलेली मटाटू, जिला इथली पोरं न्गान्या म्हणतात, ती या मार्गावर धावते.

रेल्वे स्थानकाच्या थांब्यावर पोहोचलो तेव्हा चार-पाच गाड्या लागल्या होत्या. एक साधी, पांढरी, पिवळ्या पट्ट्याची, अर्धी भरलेली. ती सुटत होती तरी कॉलेजची मुलं चढत नव्हती. त्यांना मागची हवी होती, अजून न आलेली. हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावरच पटलं. चित्र नसलेल्या बसला गिऱ्हाईक कमी. म्हणजे मालक रंगावर लाखो शिलिंग ओततो ते हौसेपोटी नाही, आणि चित्रकाराला पैसे मिळतात ते कुणाच्या कलाप्रेमामुळे नाही.

ती आली. बाहेरून जांभळी-काळी, बाजूवर अमेरिकन रॅपर, दारावर एक देवदूत, बंपरवर बायबलचं वचन आणि त्याच्याशेजारी बायबलला न मानवणारं दुसरं काहीतरी. आत छतापासून पायरीपर्यंत निळे दिवे, पडदे, आणि आवाज. तो आवाज कानांनी ऐकायचा नसतो, बरगड्यांनी ऐकायचा असतो. कंडक्टर दाराला बाहेरून लटकलेला, बोटांच्या बेचक्यांत नोटा उभ्या घड्या घालून खोचलेल्या. "सिस्टा, आत सरक, आत सरक!" सरकायला जागा नव्हती, तरी सरकले. थांबा हवा असेल तर पत्र्यावर थाप मारायची. गर्दीच्या वेळी आणि पाऊस पडला की भाडं वाढतं, कुणी वाद घालत नाही.

लांगाटा रोडने गाडी निघाली. डाव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचं कुंपण. त्याच्या आत सिंह, बाहेर आम्ही, आणि जास्त आवाज आमचा.

या चित्रांचा इतिहास सरकारी आदेशांनी भरलेला आहे. १९७३ साली अध्यक्ष जोमो केन्याटा यांनी मटाटूंना प्रवासी वाहतुकीची मोकळीक दिली आणि त्या शहरभर फोफावल्या. २००४ साली वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांनी लगाम घातला: सीटबेल्ट, ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक, चालक-कंडक्टरला गणवेश, गाडीच्या कुशीला पिवळा पट्टा. अपघातांच्या दृष्टीने यातलं बरंच शहाणपणाचं होतं. पण त्याच झटक्यात चित्रंही पुसली गेली आणि शहर काही वर्षं फिकट दिसलं. २०१४च्या अखेरीला अध्यक्ष उहुरू केन्याटा यांनीच चित्रांची बाजू घेतली, तरुणांच्या पोटापाण्याचा हवाला दिला, आणि रंग परतले. अधूनमधून पुन्हा तंबी मिळते, पुन्हा रंग टिकतात.

मी हिशेब लावून बघत होते. म्बुगुआ २००४च्या आधीच देश सोडून गेलेला. त्याने लहानपणी आणि कॉलेजच्या वयात पाहिलेल्या मटाटू या पहिल्या, बेलगाम लाटेतल्या. मागे वळून बघताना रंग अधिक गडद होतात हे सगळ्याच परदेशी राहणाऱ्यांचं होतं. त्याच्या बाबतीत मूळ रंगच एवढे गडद होते.

परतीला साधी पांढरी गाडी घेतली. कान दुखत होते.

मंगळवार

भावोजींच्या ओळखीने इंडस्ट्रियल एरियात, मटाटूंची बॉडी बांधतात त्या एका शेडमध्ये गेलो. इसुझूची उघडी चॅसी येते, तिच्यावर सांगाडा, मग पत्रा, पुढे-मागे फायबरचे फुगीर भाग, आणि ३३ आसनांची बस तयार होते. वेल्डिंगच्या ठिणग्या, पुट्टीची पांढरी धूळ, कुठेतरी चपातीचा वास. शेडच्या टोकाला पडदे लावून रंगकाम चाललं होतं.

रंगवणारा तिशीतला, तोंडावर मास्क, पँट इतकी रंगलेली की ती टांगूनच विकता आली असती. आधी मला वाटलं तो बोलणार नाही. मग मी विचारलं, "खिडक्यांचं काय करता?" आणि त्याने एअरब्रश खाली ठेवला.

बसची बाजू म्हणजे भिंत नव्हे. तिच्यात खिडक्यांची रांग आहे, चाकांच्या कमानी आहेत, दार आहे, डिझेलचं झाकण आहे. चेहरा काढायचा तर डोळा खिडकीच्या कडेवर फुटता कामा नये. दार उघडलं की अर्धं चित्र दुसऱ्या अर्ध्यावर सरकतं, तेव्हा दोन्ही स्थितींत काहीतरी वाचता आलं पाहिजे. डिझेलचं झाकण त्याने एका गायकाच्या गळ्यातल्या पदकात बसवलं होतं. आणि सगळ्यात महागडी जागा कुठली? पाठ. "ट्रॅफिकमध्ये मागचा माणूस अर्धा तास तेच बघतो, मॅडम. तो वाचणारच."

आधी फोनवरच्या फोटोवर चौकोनांची जाळी टाकायची, तीच जाळी खडूने पत्र्यावर. मग मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, बेस कोट, त्यावर एअरब्रशने सावल्या. अक्षरं आता कॉम्प्युटरवर कापलेल्या व्हिनाइलची असतात, चेहरे मात्र हाताने. शेवटी पारदर्शक क्लिअर कोट, नाहीतर पहिल्या पावसात गायक रडायला लागतो. कंप्रेसरचा दाब, क्लिअर कोटला वाळायला लागणारा वेळ यांवर भावोजी आणि तो इतके रंगले की मला मध्ये पडून विषय चित्रावर आणावा लागला.

हा आधी काय करत होता? रिव्हर रोडवरच्या छपाईच्या दुकानात डिझायनर. लग्नपत्रिका, चर्चची पत्रकं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे अंत्यविधीच्या पुस्तिका. इथे कुणी गेलं की त्याचा फोटो, जीवनवृत्तांत आणि प्रार्थना छापून वाटतात. कोरलड्रॉवर काम करायचा. मीही पहिली नोकरी कोरलड्रॉवरच केली, त्यामुळे आमची लगेच बिरादरी जुळली. तिथून बसवर का आलास?

"तिथे माझं काम लोक एकदा बघून घडी घालून ठेवायचे. इथे ते रोज धावतं." थोडं थांबून म्हणाला, "आणि बसवाला पैसे वेळेवर देतो. बस बाहेर पडल्याशिवाय त्याची कमाई सुरू होत नाही ना."

आपल्याकडे फ्लेक्स आला आणि बोर्ड पेंटर संपले. कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत ज्यांच्या ब्रशने दुकानांची नावं, सिनेमाचे बॅनर आणि ट्रकचे फाळके सजले, त्यांतल्या बहुतेकांनी दहा-पंधरा वर्षांत ब्रश ठेवला. फ्लेक्स नैरोबीतही आहे, स्वस्त आहे. तरी इथे हात टिकला. मला वाटतं त्याचं कारण गिऱ्हाइकाचं दुष्टपण: शेजारच्या बसवर जे आहे ते आपल्या बसवर असलेलं मालकाला चालत नाही. फ्लेक्स सगळ्यांना सारखाच मिळतो, म्हणून इथे त्याला किंमत नाही. वर्ष-दीड वर्षात चित्र जुनं होतं, मुलं दुसरी गाडी शोधतात, मालक पुन्हा शेडमध्ये येतो. या घाईत भिकार कामही खूप होतं, तेही पाहिलं. पाच गाड्यांवर तोच रॅपर, तोही तिरळा.

निघताना त्याने पाठीचा खालचा कोपरा दाखवला. तिथे सही होती आणि सहीखाली फोन नंबर.

बुधवार

सकाळपासून पाऊस. रेल्वे संग्रहालयात गेलो, ताई आणि मीच. या शहराचा जन्म १८९९ साली रेल्वेच्या डेपोतून झाला. मोंबासाहून आत जाणारा लोहमार्ग बांधायला ३० हजारांवर मजूर हिंदुस्थानातून आणले होते, बहुतेक पंजाबचे. १९०० साली ज्या डब्यातून सिंहाने एका पोलीस अधिकाऱ्याला खेचून नेलं तो डबाही इथे ठेवला आहे. ताईने खिडकीचं माप डोळ्यांनी घेतलं आणि म्हणाली, "एवढ्याशा खिडकीतून?" मला आवारातल्या भिंती जास्त आवडल्या. ग्राफिटी काढणाऱ्यांचा इथे वर्षानुवर्षं अड्डा आहे. शहराच्या मध्यभागी २०१२ साली खासदारांना गिधाडांच्या रूपात रंगवणारी भित्तिचित्रं रातोरात उमटली होती, ती याच पिढीच्या तरुणांची. ती पुसली गेली. पावसामुळे फार फिरता आलं नाही.

गुरुवार

किलिमानीतल्या लिकोनी क्लोज या गल्लीत कुओना आहे. १९९५ साली ट्रस्ट म्हणून सुरू झालेली ही संस्था आता कलाकारच मिळून चालवतात. जहाजाचे जुने कंटेनर ओळीने मांडले आहेत, एकेक कंटेनर म्हणजे एकेकाचा स्टुडिओ. दार उघडं असेल तर आत डोकवायचं, नसेल तर पुढे जायचं. उद्घाटन, फीत, पाहुणे असलं काही नाही. एकजण बाहेर बसून सुकुमा, म्हणजे इथली पालेभाजी, निवडत होता.

इथे आल्यावर नैरोबीच्या चित्रकारांची नावं घ्यायलाच हवीत. मायकल सोई, १९७२चा, चित्रकार बापाचा मुलगा. सपाट रंग, जाड रेघ, नाइटक्लबमधल्या बायका आणि त्यांच्याकडे बघणारे पुरुष. त्याच्या 'चायना लव्हज आफ्रिका' या मालिकेत चिनी आणि आफ्रिकी पुढाऱ्यांचं प्रेमप्रकरण रंगवलं आहे. एक्स्प्रेसवेखाली अडकून बसल्यावर ती आणखी चांगली कळते. त्याच्या हाताने रंगवलेल्या कापडी पिशव्या शहरभर खांद्यांवर दिसतात. चित्र परवडत नाही त्याने पिशवी घ्यावी, हा विचार मला फार आवडला. सायरस कबिरू कचऱ्यातल्या तारा, झाकणं, चमचे जोडून चष्मे बनवतो. थांडिवे मुरियू जाहिरातींची फोटोग्राफर. तिने कापडाच्या नक्षीत बाईला अशी बुडवली की फक्त चेहरा तरंगतो, आणि डोळ्यांवर चष्म्याऐवजी घरातली कुठलीतरी वस्तू. तीही व्यवसायातूनच आलेली.

एका कंटेनरमध्ये पंचविशीतली मुलगी भेटली. दिवसा एका एजन्सीत डिझायनर, संध्याकाळी आणि सुट्टीत इथे. म्बुगुआचं नाव काढलं तर तिने मान डोलावली, पण डोळे चमकले नाहीत. "तो पॅरिसमधून आम्हाला बघतो. छान बघतो. पण त्याच्या माणसांना घाम येत नाही."

मला हे पटलं नाही आणि मी तसं म्हणाले. घाम मटाटूत येतो, चित्रात कशाला हवा? म्बुगुआ जे करतो ते डिझायनरचंच काम आहे: सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झालेलं चिन्ह घ्यायचं आणि ते इतक्या वेळा मांडायचं की त्याचा हुकूम संपावा आणि त्याची नक्षी व्हावी. रस्त्यावरचं चिन्ह सांगतं थांब, वळ, जाऊ नको. त्याच्या चित्रात तीच चिन्हं माणसाच्या मागे निमूट रांगेत उभी राहतात आणि माणूस पुढे हसत असतो. शहरात राहणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं? आणि ठिपक्यांच्या फटींतून मागचं दिसत राहतं, म्हणजे माणूस आणि शहर यांपैकी कुणालाच पूर्ण जागा मिळत नाही. रोंगाईच्या गाडीत मी हे अंगाने अनुभवून आले होते.

तिने ऐकून घेतलं. मग स्वतःचं काम दाखवलं: अंत्यविधीच्या पुस्तिकांची मुखपृष्ठं, मोठी करून, भडक रंगांत, मृत माणसांच्या जागी बंद पडलेल्या कंपन्यांची बोधचिन्हं. मी मोठ्याने हसले आणि पुढचा तासभर आम्ही पगार, क्लायंट आणि "लोगो जरा मोठा करा" या जागतिक समस्येवर बोललो. ती नोकरी सोडणार आहे का? "का सोडू? तिथेच तर मला रोज माल मिळतो."

आठवडाभर मी जे जुळवत होते ते तिने पेन्सिल तासता तासता सांगून टाकलं.

शुक्रवार

विमान रात्रीचं, म्हणून ताईबरोबर बियाशारा स्ट्रीटला. कापडाची जुनी बाजारपेठ, गल्ल्यावर अजून बरेचसे गुजराती. मला कांगा हवी होती, पूर्व आफ्रिकेतल्या बायका कमरेला, खांद्यावर, बाळाला पाठीशी बांधायला वापरतात ते जोडीने विकलं जाणारं कापड. तिची मांडणी शंभरेक वर्षांत फारशी हललेली नाही: चारी बाजूंनी रुंद काठ, मधे मोठी नक्षी, आणि नक्षीखाली एका पट्टीत स्वाहिलीतली ओळ. पोस्टरच ते, अंगावर घ्यायचं. ओळी बहुधा तिखट असतात. सवतीला, शेजारणीला, नवऱ्याला मारलेले टोमणे. मी काजूच्या नक्षीची एक उचलली तर दुकानदार काकांनी ती हातातून काढून घेतली. "बेन, ही सासूला देऊ नका हं."

"मला सासू नाही, काका."

"मग घ्या."

घेतली. आणखी दोन घेतल्या, भाव करून. काठावर व्यापाऱ्याचं नाव छापलं होतं, नक्षीचा नंबर छापला होता, काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. शेडमधली ती सही आणि फोन नंबर डोळ्यांपुढे होता, म्हणून विचारलं, या नक्ष्या काढतं कोण?

काकांनी खांदे उडवले. माल पूर्वीपासून हिंदुस्थानातून येतो, म्हणाले, ही जेतपूरची छपाई. नक्षी कधी इथून कागदावर जाते, कधी तिकडेच कुणीतरी बसून काढतो.

"जेतपूरला कधी गेला आहात?"

"आजोळ आहे आमचं."

मग त्यांनी बिलाच्या मागे छापखान्याच्या गल्लीचा नकाशा काढून दिला, नदी, पूल, डावीकडे वळण, सगळं नीट. पुण्याहून राजकोटपर्यंत रेल्वेने यायचं, पुढे एसटी, दीड-दोन तास. मे महिन्यात येऊ नका, म्हणाले, रंग वाळायच्या आधी माणूस वाळतो.